वीज नसलेल्या वाडीतले तीन फ्रिज

त्या वाडीत विजेचा एकही खांब नव्हता आणि माझ्या फाइलमध्ये तीन फ्रिज होते.

मी चढणीवर थांबून पुन्हा एकदा वर-खाली पाहिलं. कौलारू घरं, फणस, गोठे, वाळत घातलेली आमसुलं. तार कुठेच दिसत नव्हती. फाइलप्रमाणे याच वाडीतल्या दत्ताराम धनावडे यांनी वर्षभरात रत्नागिरीच्या बाजारातून एकापाठोपाठ एक तीन फ्रिज घेतले होते, तेही क्रेडिट कार्डावर.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी रत्नागिरीच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. म्हणजे कर्ज देऊन झाल्यावर ते कुठे गेलं हे बघत हिंडणारा माणूस. संशय घेण्याचाच पगार मला मिळायचा, आणि तो मी हलाल करत असे. दूधवाल्यालासुद्धा मी पातेलं हलवून दाखवायला सांगतो, असं बायको म्हणायची.

क्रेडिट कार्ड तेव्हा आमच्याकडे नवलाईचं होतं. दुकानदाराकडे एक लोखंडी मशीन असे. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची स्लिप ठेवायची आणि दांडा सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे स्लिपवर उमटत. गिऱ्हाईक सही करून माल नेई, दुकानदाराला बँक पैसे देई आणि बँक ते गिऱ्हाइकाकडून नंतर घेई. दत्ताराम मुंबईच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. तिथल्या सगळ्या कायम कामगारांना आमच्या बँकेने कार्डं वाटली होती. आता त्याची थकबाकी फुगली, तेव्हा मुंबईच्या कार्ड विभागाने आम्हाला लिहिलं की माल जागेवर आहे का ते बघा.

"नसला तर?" मी मॅनेजर कानिटकरांना निघताना विचारलं होतं.

"तर दुकानदार आणि तो, दोघं मिळून बँकेला बनवतायत. पोलिसात तक्रार आणि कंपनीला पत्र. नोकरी गेलीच समज."

घरी दत्तारामची बायको सुनंदा होती आणि ओसरीवर तिचे सासरे अण्णा. सुनंदाने गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. मी बँकेतून आलोय म्हटल्यावर ती सावध झाली.

"फ्रिज बघायला आलोय," मी म्हटलं.

"काय बघायला?"

"फ्रिज. तुमच्या मिस्टरांनी घेतलेत. तीन."

अण्णा हसायला लागले. "हितं कंदिलाला रॉकेल नाय मिलत, साहेब. फ्रिज कशावर चालवनार? शेणाच्या गवऱ्यांवर?"

सुनंदा मात्र हसली नाही. तिने पदर खोचला, माझ्या हातातल्या स्लिपवरची सही नीट पाहिली आणि विचारलं, "सही ह्यांचीच हाय. मंग फ्रिज कुनाच्या घरात हायत?"

मला त्या प्रश्नाचा रोख कळायला जरा वेळ लागला. मी अफरातफरीच्या मागावर होतो. तिने मात्र सरळ हिशोब मांडला होता. नवऱ्याने फ्रिज घेतले, ते आपल्या घरात नाहीत, म्हणजे मुंबईत वीज असलेलं दुसरं एक घर आहे आणि त्या घरात कोणीतरी आहे. गेलं वर्षभर दत्ताराम घरी पैसे कमी पाठवत होता, तेही त्या हिशोबात चपखल बसलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती. शेजारी अण्णा आणि एक पिशवी.

"मी मुंबईला चाललंय," ती म्हणाली. "त्या बाईचा पत्ता द्या."

"अहो, माझ्याकडे कुठला पत्ता?"

"बँकेला सगला म्हाईत असतो."

ती तशी मुंबईला गेली असती तर कंपनीच्या गेटवर तमाशा झाला असता, आणि नोकरी आमच्या पत्राआधीच गेली असती. मी म्हटलं, "आधी दुकानात जाऊ. माल कुठे गेला ते त्यालाच विचारू." अण्णांना आमच्या बाकावर बसवून आम्ही बाजारात गेलो.

त्या दुकानदाराचं नाव सांगत नाही, त्याला नुसतं शेट म्हणू. शेटने आधी थंड पेय मागवलं. मी ते घेतलं नाही.

"माल मुंबईला पाठवला, साहेब. पार्टीच्या सांगण्यावरून."

"मुंबईत फ्रिज मिळत नाहीत वाटतं?"

शेट नुसता हसला. माझा संशय दुप्पट झाला आणि सुनंदाची खात्रीच पटली. ती काउंटरपाशी गेली.

"पत्ता सांगा."

"आता पाठ थोडाच असतो, वहिनी?"

"तिन्ही येकाच घरात गेले काय? का तिघी हायत?"

शेटला घाम फुटला. बँकेची भीती त्याला नसावी. गरज पडली तर आपण मॅनेजरलाही चहा पाजू, असा त्याचा भरवसा होता. पण भर बाजारात, दुकानाच्या तोंडावर, एक बाई आवाज चढवून नवऱ्याच्या बायका मोजत होती आणि माणसं जमायला लागली होती. त्याने आम्हाला आत घेतलं.

"फ्रिज गेलेच नाहीत," तो हळूच म्हणाला. "ते तिन्ही इथेच आहेत. म्हणजे एकच आहे. तो तिथे, कोपऱ्यातला."

प्रकार असा होता. दत्ताराम सुटीवर आला की शेट फ्रिज विकल्याची स्लिप करी, दहावा हिस्सा स्वतः ठेवी आणि बाकीची रोकड दत्तारामच्या हातात देई. मुंबईत हे जमलं नसतं, तिथला दुकानदार एवढी रक्कम कार्डावर चालेल का, हे बँकेत फोन करून विचारी. इथे ट्रंक कॉल लागेपर्यंत दुकान बंद करायची वेळ येई, म्हणून कोणी विचारत नसे.

"म्हंजे बाई नाय?" सुनंदाने मला विचारलं.

"नाही. कर्ज आहे. चांगलं मोठं आहे."

ती तिथेच एका खोक्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कर्ज फेडता येतो."

एवढ्या आनंदाने कर्जाची बातमी घेणारं माणूस मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

दत्तारामला बोलावून घेतलं. मान खाली घालून बसला. सुरुवात शिमग्याला झाली होती. अख्ख्या भावकीला कपडे, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, कुणाच्या लग्नाला भांडी. कार्ड काढलं की वाडीत मान मिळायचा. बिलावर 'मिनिमम' म्हणून एक छोटी रक्कम असे, ती तो इमानाने भरी. कंपनीच्या पतपेढीचा हप्ता भरायची सवय, त्याला वाटलं हाही हप्ताच. खरं तर मिनिमम भरलं की बँक महिनाभर गप्प बसते, एवढंच. बाकीच्या रकमेवर व्याज चढतच राहतं. हे कळलं तोवर मिनिममही झेपेना. मग ते भरायला पहिला फ्रिज, पहिल्याचं भरायला दुसरा.

"मला का नाय सांगितलात?" सुनंदाने विचारलं.

"तू काय बोलशील म्हणून."

"आता काय गप बसलंय?"

कानिटकर कडक, पण माणूस व्यवहारी. "नोकरी गेली तर वसूल कुणाकडून करायचं?" ते म्हणाले. शेटने आपला दहावा हिस्सा परत भरला. मशीन जप्त होईल या भीतीने भरला. मशीन आम्ही तरीही काढून घेतलं. उरलेल्या रकमेचं आमच्या शाखेत कमी व्याजाचं साधं कर्ज केलं, हप्ता थेट पगारातून कापायचा. मुंबईला घडलं तसं लिहिलं आणि सोबत सगळी बाकी भरल्याचा आकडा जोडला. आकडा पाहून त्यांनी पुढे विचारलं नाही.

कार्ड दोन तुकडे करून परत करायचा नियम होता. आमच्या कात्रीने ते कापेना. सुनंदा घरी घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात कागदात बांधून चार तुकडे आणून दिले, विळीवर चिरलेले.

"दोन सांगितले होते," मी म्हटलं.

"दोन काय, जोडता येतात."

त्या वर्षी दत्ताराम गणपतीला रिकाम्या हाताने आला. तिनेच तसं बजावलं होतं. वाडीत कुजबुज झाली की नोकरी गेली, मुंबईचं बस्तान उठलं. टेपरेकॉर्डर विकला. काजूचे पैसे ती स्वतः बँकेत आणून भरायची आणि मी पावती दिली की आधी शिपायाकडून वाचून घ्यायची. मला राग यायचा, आणि आवडायचंही.

कर्ज फिटल्यानंतर काही वर्षांनी वाडीत खांब आले. एके दिवशी अण्णांचा निरोप आला, साहेबांनी आवर्जून यावं. गेलो. माजघरात फ्रिज होता, रोख पैशांनी घेतलेला. दत्ताराम दाराशी लाजून उभा. सुनंदाने फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आत पाण्याच्या बाटल्या आणि एका वाटीत विरजण.

"मोजा साहेब," ती म्हणाली. "येकच हाय."

त्यानंतर कर्जाला कोणी आलं की कागदपत्रं बघण्याआधी मी एकच विचारायचो, "घरी सांगितलंय का?" बहुतेक जण फॉर्म घडी करून खिशात घालत आणि सांगून येतो म्हणत. त्यातले निम्मे परत येत नसत.