नंबर दोनची गन

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर माझं शेवटचं पोस्टिंग झालं. ठिकाण धारवाडचं एक हॉस्पिटल, मनाच्या आजारांचा वॉर्ड. मुदत दोन आठवडे. मूव्ह ऑर्डर फौजेने नाही, माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने काढली; फौज तर कधीच सुटली होती.

कारण सांगतो. दुर्गदबैलाच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. समोरच्या हातगाडीवरून लोखंडी सळ्यांचा भारा रस्त्यावर कोसळला आणि मी गिऱ्हाईक सोडून काउंटरखाली. बाहेर आलो तर अर्धा बाजार हसत उभा. असं वरचेवर व्हायचं. ते अण्णाने सोसलं. पण एका संध्याकाळी त्याने मला उणकलच्या तळ्याकाठून हाताला धरून घरी आणलं. तिथे काय करत होतास, हे त्याने विचारलं नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला आम्ही दोघे. रायापूर आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरा होऊन ये बघ. दुकानाचं मी बघतो की."

माझ्या डोक्यात एकाहत्तरच्या लढाईपासून एकच वाक्य होतं. 'परशाला मी मारलं.' परशा माझा लढाईतला जोडीदार; गोळी शत्रूची होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काडीचा उपयोग नव्हता.

आता नागरिक बंधूंना एक गोष्ट ठणकावून सांगतो. मी माजी सैनिकांसाठी पत्रकं लिहितो, ठणकावण्याची सवय आहे. जवानाचा गेलेला पाय सगळ्यांना दिसतो. त्याला पेन्शन, त्याला हार, त्याला बसमध्ये जागा. ज्याचं डोकं तिकडेच राहिलं त्याला काय? 'येडा झाला', संपलं. हा अन्याय आहे, आणि तो आपण सगळे मिळून करतो.

नेमका पाय गेलेला एक जण माझ्या शेजारच्या खाटेवर निघाला. निंगप्पा. आमच्याच सेक्शनचा, दहा जणांच्या तुकडीतला, परशा गेला त्याच सकाळी जखमी झालेला. तो कुबडी टेकत आला की नर्स उठून खुर्ची द्यायची. मी आलो की म्हणायची, "नाव?" पहिल्याच दिवशी मला त्याचा हेवा वाटला. साफ सांगतो, त्याच्या कुबडीचाही वाटला.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. बोलणं थोडं. त्यांची पद्धत अशी की इतरांना आठवड्यातून एकदा बोलवायचं, पण आम्हा दोघांना रोज, सकाळी आणि दुपारी. "आठवड्यातून एकदा जखम उघडली तर मधले सहा दिवस ती तुम्हीच खाजवत बसता," त्या म्हणाल्या. डोळे मिटायचे. तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा. त्यातून स्वतःबद्दल काय धरून बसलो, ते एका वाक्यात बोलायचं. ते वाक्य खरं की खोटं, तपासायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. एक जण सांगतोय तेव्हा दुसऱ्याने नुसतं ऐकायचं.

मी सुरुवात केली. "झिरो सिक्स थर्टीला सेक्शन तळ्याच्या बांधापाशी पोचलं. समोरून फायर आलं. एलएमजीचा नंबर वन, लान्स नाईक परशुराम घाडी, जखमी. नंबर टूने गनचा ताबा घेतला. ऑब्जेक्टिव्ह काबीज. स्ट्रेचर पोचण्याआधी लान्स नाईक घाडी मृत."

"हा नंबर टू कोण?"

"मी."

"मग 'मी' म्हणा ना."

"रिपोर्टमध्ये तसं म्हणत नाहीत, मॅडम."

"मी तुमची सुभेदार नाही, महेंद्रकर. पुन्हा सांगा."

मी पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. फौजेत आम्हाला असंच घोटलंय. काय वाटलं ते बोलायचं नाही, काय झालं ते बोलायचं. वाचकांसाठी एवढं सांगतो, की एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, दोघांची असते. नंबर वन फायर करतो. नंबर टू त्याच्या डाव्या अंगाला झोपून मॅगझिन बदलतो. नाव एकाचं होतं.

निंगप्पाला रिपोर्ट कधीच जमला नव्हता. तो मराठीत सुरू व्हायचा, कानडीत शिरायचा, मग ओरडायचा, रडायचा, कुबडी भिंतीवर फेकायचा. त्याचं वाक्य होतं, 'मी अर्धाच माणूस.' पाचव्या दिवशी तो शर्टाला नाक पुसत म्हणाला, "मी पुरा आहे, मॅडम. पाय तेवढा कमी आहे." डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.  पाय त्याचा, हार त्याचे, आणि आता बरं होण्यातही पहिला नंबर त्याचाच?

त्या दुपारी मी डोळे मिटले, तर निंगप्पाच खाकरून सुरू झाला. "झिरो सिक्स थर्टीला सेक्शन तळ्याच्या बांधापाशी पोचलं... साकु अप्पा, साकु! पुरे की आता. मला पाठ झालं हे. तू झोप, मीच देतो रिपोर्ट."

"गन माझी होती!" मी ओरडलो.



"पुढे," डॉक्टर म्हणाल्या.

मग निघालं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. परशा आणि मी एका दिवशी भरती झालो. दोघांनाही ती गन हवी होती. हवालदाराने आदल्या दिवशी ती परशाला दिली, कारण त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता. बांधाआड त्याच्या शेजारी पडून मी मनात म्हणत होतो, याला काहीतरी होऊ दे आणि गन मला मिळू दे. आणि मिळाली. तो जिवंत असतानाच त्याच्या हातातून मी ती हिसकावली.

"'मी मनात आणलं म्हणून तो मेला.' हे किती खरं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुरतं खरं."

"मनात आणून माणूस मरतो, तर सरकारने तुम्हाला गन कशाला दिली? नुसतं मनात आणत बसायचं होतं."

निंगप्पा फिस्सकन हसला. मी नाही हसलो. डोक्याला पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. हाताला तो हिसका अजून आठवत होता.

"तर मग हातापासून सांगा," डॉक्टर म्हणाल्या. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. मी आता 'मी' म्हणत होतो आणि घामाने निथळत होतो. मुठीत हँडल. परशाची मान चिखलात. मी ओढतोय. गन हलकी येतेय.

"हलकी का?"

मी थांबलो. गन हलकी येत होती, कारण मागून तो ढकलत होता. उजवा हात निकामी, डाव्या हाताने बट माझ्याकडे ढकलत होता आणि बोलत होता. "साइट दोनशेवर. डावीकडं केळी." गन हाती देताना नंबर वनने अंतर आणि टार्गेट सांगायचं असतं; टार्गेट म्हणजे डावीकडच्या केळीआडचा शत्रू. आमचं ड्रिल आहे. छातीत गोळी घेऊन परशाने ड्रिल पुरं केलं होतं.

मी डोळे उघडले. "त्याने दिली," मी म्हणालो. लगेच शंका आली. "का मी हे आत्ता बनवलं, मॅडम?"

"बनवतोस कशाला?" निंगप्पा म्हणाला. "'डावीकडं केळी' मी ऐकलंय की. ते ऐकून आडवा झालो म्हणून एकाच पायावर भागलं."

"आणि सात वर्षं गप्प बसलास?"

"तू कधी विचारलंस, अप्पा? बाजारात मी दिसलो की तोंड फिरवायचास."

 

नवं वाक्य असं ठरलं: 'परशाने गन दिली, मी चालवली.' डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, किती खरं वाटतं? मी म्हणालो, "बरंचसं." माझ्या जागी निंगप्पा असता तर 'पुरतं' म्हणाला असता. सळ्या पडल्या की मी अजून दचकतो, पण काउंटरखाली जात नाही. असा उपचार माझ्यासारख्यांना सात-सात वर्षं ठाऊकही का नसतो, याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे. मी मागत राहणार.

एक गोष्ट मात्र कुठल्या पत्रकात बसत नाही. सात वर्षं परशा माझ्याकडे फक्त मरत होता. आता तो इतर वेळीही येतो. माझा साबण चोरतो. मेसमध्ये मिरची चावून डोळे पुसतो आणि तिखट नाही म्हणतो. रेंजवर फायर संपलं की टार्गेट घेऊन माझ्यापुढे नाचतो. पाची भोकं एका चार आण्याखाली झाकलेली.

लान्स नाईक परशुराम घाडी, खानापूरकडचा, वय तेवीस. त्याच्यासारखा नेम सेक्शनमध्ये कुणाचा नव्हता. माझाही नव्हता. हे लिहितानाही जळफळाट होतो, समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल व्हावा तसा.