लाइन माही हाय

पत्नी गेल्यावर तिचा डबा आणायला मी नांदगाव पेठच्या शर्टांच्या कारखान्यात गेलो होतो. तिच्या लाइनच्या सुपरवायझर बाईंना मी तेव्हा एकदाच पाहिलं. गळ्यात टेप, आणि बोलतानाही हात समोरच्या कापडाची सुरकुती काढत असलेला.

तेवढ्यात नुकत्याच लागलेल्या एका मुलीने गठ्ठाभर शर्टांना डाव्या बाह्या उजवीकडे जोडल्याचं उघडकीला आलं. मॅनेजर ओरडत आले, "कोणी केलं हे? आजच घरी पाठवतो!" मुलगी रडू लागली.

"लाइन माही हाय, साहेब. पाठवाचं तं मले पाठवा," बाई म्हणाल्या. "नाईतं संध्याकाळी दुरुस्त केलेला माल घेऊन जा."

मॅनेजर पुटपुटत गेले. बाई मुलीकडे वळल्या. "कावून रडून राहिली वं? बाही धर. पुढची बाजू कोणती, दाखव मले."

मुलीने चाचपडत दाखवली. मग बाई तिच्या शेजारी बसून शिवण उसवू लागल्या. कोणी न सांगता आजूबाजूच्या बायकांनीही एकेक शर्ट ओढून घेतला.

मी डबा धरून पाहत राहिलो. अंगात ताप असतानाही पत्नी कामावर का निघायची, हे मला त्या दिवशी कळलं. ते सांगायला घरी कोणी नव्हतं.