वीस न्यूट्रॉनांची ठेंगणी पायरी

भाद्रपदात सुट्टी काढून गावी, टाकव्याला आले खरी, पण डोकं प्रयोगशाळेतच राहिलं होतं.

अणूच्या केंद्रकात न्यूट्रॉन थराथराने बसतात. थर पुरता भरला की केंद्रक घट्ट होतं, हलवता हलत नाही. वीस हा असाच भरल्या थराचा आकडा, लोणावळ्याच्या कॉलेजात घोकून घोकून पाठ केलेला. आम्ही मात्र प्रोटॉन थोडे आणि न्यूट्रॉन वीस, अशी न्यूट्रॉनांची खोगीरभरती झालेलं एक केंद्रक घेतलं होतं. ते वेगाने प्रोटॉनवर आदळवायचं आणि टकरीत किती ऊर्जा कमी झाली ते मोजायचं. तेवढी ऊर्जा केंद्रकाने वरच्या पायरीवर चढायला घेतलेली असते. वीस न्यूट्रॉन असले की ही पायरी उंच हवी. आमची ठेंगणी निघाली.

"यंत्र चुकलं असेल, नाहीतर तुझा हिशेब," गटप्रमुख बाई म्हणाल्या. माझी सगळी पीएच.डी. त्या एका पायरीवर उभी होती. मला त्यांचा रागही आला आणि धडकीही भरली.

आतल्या खोलीत आई कणगीवर बोटं वाकवून टकटक करत होती. शेणाने लिंपलेली ही बांबूची कणगी ती सारखी उघडत नाही. नवं भात येईपर्यंत जुनं पुरेल का, हे बाहेरूनच ऐकते. आधी तळाशी ठोकायचं, जिथे भात नक्की आहे. तो बद्द आवाज कानात धरून मग हळूहळू वर सरकायचं.

मला हसू फुटलं. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर तेव्हा तळाचीच टकटक चालली होती. एका जुन्या, ओळखीच्या केंद्रकाची मोजणी मी त्याच हिशेबातून पुन्हा काढत होते. त्याची पायरी हुकली असती तर सगळंच मुसळ केरात.

पायरी बरोबर जागेवर आली.

म्हणजे यंत्र नीट होतं, हिशेबही नीट होता. या केंद्रकात विसाचा थरच ढासळला होता. असं होतं हे मी दुसऱ्यांच्या लेखांत वाचलं होतं, पण इथे ते माझ्यासमोर होतं. गोठ्यापाशी रेंज येते, तिथे धावत जाऊन मी बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "लिहायला घे."

परतले तर आबा, माझे वडील, दारातच बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, हे केंद्रक फार टिकत नाही हेही.

"किती जगतं म्हनलीस ते?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं, आबा."

"आन तेवढ्यात तुमी त्येला ठोकून बघता?"

"व्हय."

"लय बरं करता," आबा म्हणाले. "न्हाईतर बिचारं आलं कवा, गेलं कवा, कुनी इचारलंबी नसतं."

इतकी वर्षं मी त्या केंद्रकाला काय काय विचारलं होतं, पण त्याच्या बाजूने बघून, त्याची कुणी विचारपूस करावी, असं कधी वाटलंच नव्हतं.