मेंढपाळाची बाजू

चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये गेल्या वर्षी एकच वाद पेटलेला असायचा: सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार पैलवानाच्या पिक्चरला दिला, तो बरोबर की चूक? चऱ्होलीला चढणारा एक माणूस रोज एकटाच मेंढपाळाच्या पिक्चरची बाजू घ्यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बोटात जाड अंगठी, मांडीवर जेवणाचा डबा, आणि बोलताना त्या डब्यावर टिचक्या मारायची सवय.

मला त्याचा संशय यायचा. गोष्ट कशी वाटली विचारा, हिरोचं काम विचारा, "बरं हाय" म्हणून विषय संपवायचा. पुरस्काराचं नाव निघालं की मात्र तावातावाने भांडायचा. याचा कुणीतरी पाहुणा त्या पिक्चरमध्ये असणार, नाहीतर याचेच पैसे त्यात अडकले असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

शेवटी एकदा शेजारी बसून सरळच विचारलं, "राव, खरं सांगा, तुमचं काय आहे त्या पिक्चरमध्ये?"

टिचक्या थांबल्या.

"मेंढरं पाणी पितात ना, त्याच्या मागं कौलारू घर दिसतं बघा, दारात शेवगा. ते आमचं. आता तिथं बिल्डिंग झाली. बक्षीस मिळालं असतं, तर पिक्चर परत थेटरात लागला असता."

तरी माझी शंका फिटेना. "मग जागा विकली कुणी?"

"मीच," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "इकली तवा एवढी चांगली दिसत न्हवती."