पारध्यांची हरकत

शांताराम पारधे यांचा देवावर जेवढा भरवसा होता, त्याहून अधिक देवाच्या निवडीवर होता. कोण तरणार आणि कोण बुडणार हे जग घडण्याआधीच ठरलेलं आहे, माणसानं गप्प बसावं, असं ते सांगत; आणि ते सांगताना स्वतः काही गप्प बसत नसत.

छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, तेव्हा सरकारनं पारध्यांसारख्या तिथल्या कारकुनांना कुठलं राज्य हवं ते विचारलं. नागपूर सुटू नये म्हणून पारध्यांनी मुंबई राज्य लिहून दिलं, वर साहेबांचे उंबरे झिजवले. हुकूम आला भोपाळचा. देवानं नेमलं, म्हणत त्यांनी ट्रंका भरल्या. शेजारच्या क्वार्टरात दत्तू साळवे राहायला आले, ते भोपाळ मागून घेऊन. येशूचा हात सगळ्यांसाठी पुढे आहे, धरायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं साळव्यांचं मत. एकाला देवानं आणलं, दुसरा आपल्या मर्जीनं आला. छत मात्र दोघांचंही सारखंच गळत होतं.

दर रविवारी जहांगीराबाद मोहल्ल्यातल्या चर्चमध्ये मराठी उपासना संपली की दोघांची पायरीवर जुंपायची. तारण श्रद्धेनंच मिळतं, यावर एकमत. ती श्रद्धा देव देतो की माणूस ठेवतो, यावर घरचं जेवण गार होईपर्यंत वाद. पारध्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणायच्या, या दोघांना स्वर्गात एकच क्वार्टर मिळो, म्हणजे कळेल.

अशात पारध्यांच्या एकुलत्या लेकीनं, सुचेतानं, साळव्यांच्या विजयशी लग्न करायचं असं घरात सांगितलं. मुलगा सरळ, पक्क्या नोकरीचा. तिला फक्त पप्पांच्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं. पण नातवंडं साळव्यांचं पाखंड शिकत वाढणार, ही कल्पनाच पारध्यांना सोसेना. बरं, नाही म्हणावं, तर माणसाच्या मर्जीनं काही अडतं हे कबूल केल्यासारखं.

"देवानं नेमलं असेल तर होईल," ते म्हणाले. "माझ्या हो-नाहीला विचारतो कोण?"

सुचेता आत गेली. तयारी आईनंच सुरू केली.

लग्नाआधी तीन रविवार पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं मंडळीला विचारतात. पहिल्या रविवारी पारधे निवांत होते. अडथळा आणणं हे देवाचं काम. दुसऱ्या रविवारीही देवानं काही हालचाल केली नाही. तिसऱ्या रविवारी पाळकांनी विचारलं आणि पारधे बाकावरून अर्धे उठलेसुद्धा. तेवढ्यात पुढच्या बाकावरून साळव्यांनी वळून पाहिलं आणि ते गालातल्या गालात हसले. हरकत घ्यावी तर आजवरचा सगळा वाद तिथंच हरल्यासारखं. पारधे खाली बसले. लेक गेली तरी चालेल, मुद्दा जाता कामा नये! धन्य तो बाप.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात, पारध्यांच्या हातात हात देताना सुचेता हळूच म्हणाली, "पप्पा, देवाचं मला समजलं. तुमच्या मनात काय आहे?"

तिला घेऊन ते पुढे गेले.

"या मुलीला विवाहासाठी कोण देतो?" पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं.

रीतीनं याचं उत्तर बापानं द्यायचं. पारध्यांच्या हिशेबी देणारा देव, घेणारा देव. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण सुचेता पाळकांकडे बघत नव्हती, विजयकडेही नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"मी," पारधे म्हणाले. मग साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं, रडत रडत म्हणाले, "मी देतो. मला द्यायचीय."

साळवे डोळे पुसत होते. आपण वाद जिंकलो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.