दुसरी नळी

सिद्रामअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा तास चालू होता. फोन ठेवला आणि उरलेला धडा तसाच पुरा केला. रडू आलं नाही. नुसतं दमल्यासारखं झालं... तो थकवा दीड महिना झाला तरी उतरलेला नाही.

अण्णा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. माझ्या संशोधनाला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, तेव्हा त्यांनी आपणहून बाही वर सारली. त्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी दोन नळ्यांत भरून, बर्फाच्या डब्यात घालून आम्ही त्यांच्याच गाडीवरून हॉस्पिटलात न्यायचो. तिथल्या कॅन्सरच्या यंत्रातून एका नळीला किरण द्यायचे, दुसरीला नाही. पण दुसरीनंही तेवढाच प्रवास करायचा, नाहीतर तुलना खोटी. "हिला उगंच हेलपाटा की," अण्णा म्हणायचे. किरणांनी पेशीतला डीएनए तुटला की एक प्रथिन जागं होतं, ते दुसऱ्याला निरोप देतं, दुसरं तिसऱ्याला. मग पेशी ठरवते, दुरुस्त व्हायचं, मरायचं, की लढायला इतरांना हाक मारायची. किरण दिलेल्या नळीत अण्णांच्या पेशी अशा जाग्या व्हायच्या. हे ऐकून ते म्हणाले, "आमच्या भावकीगतच हाय. निरोप समद्यास्नी जातोय, येतंय कोण ते बघायचं."

पुढं अण्णांच्याच घशात गाठ निघाली. त्याच हॉस्पिटलात त्यांना किरण सुरू झाले. मी रोज सोबत जायची, बाहेर बाकावर बसायची. "तुमी माझी दुसरी नळी," ते हसून म्हणायचे. चौथ्या आठवड्यात पाणीसुद्धा गिळवेना.

"आता बास म्याडम," ते म्हणाले. "फकस्त खरं सांगा. माझ्या पेशी नळीत जाग्या हुत्यात, तशा हितं हुतील?"

मला माहीत नव्हतं. नळीतलं शरीरात तसंच घडत नाही, हे मीच मुलांना शिकवते. पण ते उपचार सोडतील या भीतीनं मी म्हणाले, "होतील, अण्णा."

त्यांनी सगळं पुरं केलं. सात महिन्यांत गाठ परत आली.

परवा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कॉलेजात आल्या होत्या. "तुमी व्हय म्हनलात, म्हनून त्येंनी सोसलं," एवढंच म्हणाल्या. तो राग होता की आभार, विचारायचं माझं धाडस झालं नाही.

आजारपणाआधी गोठवून ठेवलेल्या त्यांच्या पेशींच्या तीन कुप्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये अजून आहेत. संशोधन संपलं, कॅन रिकामा करा, असं विभागप्रमुख दोनदा म्हणाले. नायट्रोजन सारखा उडून जातो, आठवड्याला भरावा लागतो. मी भरते. कुप्या बाहेर काढून त्या पेशी जाग्या होतात का, हे पाहायचं मात्र माझ्याच्यानं होत नाही.