शटरला शेंगतेल

आमच्या किराणा दुकानाचं तोंड पश्चिमेला. सोलापुरात मे महिन्यात पश्चिमेला तोंड म्हणजे काय, ते आमच्या शटरला विचारा. दुपारी त्याला बोट लावायची सोय नाही. म्हणून एक ते चार दुकान बंद. बंद म्हणजे शटर अर्धं खाली, आणि आत फरशीवर पाणी शिंपडून आप्पा, म्हणजे माझे वडील, उघड्या अंगानं आडवे. ही झोप त्यांनी आजवर कुठल्या गिऱ्हाइकासाठी मोडलेली नाही.

पाडव्यापासून आप्पांनी एकच टुमणं लावलं होतं. "शटर कुरकुरतंय. स्प्रिंगांना ग्रीस घाल." शटर वर जिथं गुंडाळतं तिथं दोन स्प्रिंगा असतात, सगळा भार त्या पेलतात. मला ग्रीस आणायला उन्हात जायचा कंटाळा. समोर शेंगतेलाचे डबे रचलेले. म्हटलं, तेल ते तेल. वाटीभर ओतलं आणि आप्पांना सांगितलं, "घातलं की." कुठलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चार दिवस शटर सुतासारखं सरळ चाललं. मग तेलावर धूळ बसली, उन्हानं त्याचा चिकटा झाला आणि शटर पहिल्यापेक्षा जास्त अडायला लागलं. आप्पा म्हणाले, तू काही घातलंच नाहीस. मी म्हणालो, घातलंय. अर्धं खरं बोलत असल्यामुळं माझा आवाज जरा जास्तच चढला. झालं, अबोला. आठ दिवस आमचा कारभार आईमार्फत चालला. "तुझ्या लेकाला सांग, साखरेचं पोतं आलंय." लेक शेजारीच उभा.

आठव्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी निघालो. आप्पा आत आडवे झाले होते. शटर अर्ध्यावर येईना. मला आला राग. मी फडक्यानं धरून बाहेरून त्याला लटकलोच. वर फटाक्यासारखा आवाज झाला आणि सगळं शटर धाडकन खाली येऊन वाकडं अडकलं. एक स्प्रिंग गेली होती. मी बाहेर, आप्पा आत. लाईट सकाळपासून गेलेली, म्हणजे आत पंखाही बंद. मी वाकून शटरशी तोंड नेलं.

"आप्पा, लागलं का?"

"न्हाई." आठ दिवसांनी ऐकलेला पहिला शब्द.

"पाणी हाय का आत?"

"फरशीवर वतलं की सगळं."

शटरवाल्याला फोन लावला. तोही झोपलेला. सोलापुरात दुपारी दोनला जागा असतो तो एक तर परगावचा, नाही तर अडचणीतला. "चारला येतो," म्हणाला. वडील आत अडकलेत म्हटल्यावर म्हणाला, "आधी सांगायचं की राव. निघालोच."

तोवर मी आणि शेजारचे दोघं जोर लावून बघत होतो. शटर तसूभर हलेना, हात मात्र भाजले. मी खाली बसलो. आतून काहीच आवाज येईना, तेव्हा मला राहवेना.

"आप्पा, मी स्प्रिंगांना शेंगतेल घातलं होतं."

आतून आप्पा म्हणाले, "ठाऊक हाय. खवट वास येतोय की, आठ दिस झालं."

"मग बोलला का न्हाई?"

"म्हटलं, तू सांगशील."

मला माझीच लाज वाटली.

शटरवाला आला. शिडीवर चढून त्यानं बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "शेंगतेल घालून शटरची चटणी करायची व्हती का?" आतून आप्पांचं हसू ऐकू आलं. मग पहारीनं पट्ट्या सरळ करून आम्ही चौघांनी शटर उचललं आणि खाली लाकडाचा ठोकळा लावला. आप्पा वाकून बाहेर आले, घामानं निथळत. तांब्याभर पाणी प्यायले. शटरवाला दोन नव्या स्प्रिंगा काढत होता, त्याला पहिला प्रश्न, "एकच गेलीय न्हवं? दोन कशाला बदलतूस?"

"एक म्हातारी, एक तरणी. जोडी चालत न्हाई आप्पा. भार सारखा पडत न्हाई."

"आमचं चालतंय की," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं.

स्प्रिंगा दोन्ही बदलल्या. आता शटर एका बोटानं चढतं. दुसऱ्या दिवशी एक वाजता आप्पांनी ते अर्धं ओढलं आणि आडवे झाले. मी बाहेर तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून राहिलो.

"जा की जेवायला. नवी हाय स्प्रिंग."

"जातो," म्हणालो, पण उठलो नाही. आणखी दोनदा म्हणाले, तरी उठलो नाही. जरा वेळानं शटरखालून त्यांचा हात बाहेर आला आणि पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या पायापाशी ठेवून परत आत गेला. त्या दिवशी त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलं नव्हतं.